रात्रीच्या टेबलाला धनी कोण? बेळगावातील एका डिझाइन स्टुडिओच्या जागावाटपाचे प्रकरण

बेळगावातील एका वास्तुकला महाविद्यालयात, पावसाळी सत्राच्या मध्यावर आणि ज्यूरीला, म्हणजे सत्राच्या कामाच्या परीक्षणाला, जेमतेम आठवडा उरलेला असताना, तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या टेबलावर चिकटवून ठेवलेले मेजर्ड ड्रॉइंग रात्रीतून कापले गेले. वडगावातील एका विणकर कुटुंबाच्या घराचा तो छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर आत जे दिसेल त्याचे चित्र, होता. पुढची ओसरी, मधल्या खोलीत खड्डा करून बसवलेला माग, मागावर उजेड यावा म्हणून कौलांमध्ये घातलेली काच, हे सगळे तिने टेपने मोजून बटर पेपर या पातळ, अर्धपारदर्शक कागदावर १:२० प्रमाणात उतरवले होते. काप दीडेक फूट लांब होता आणि पट्टी धरून मारल्यासारखा सरळ होता. त्यामुळे कोणीतरी मुद्दामच हे केले, असा सर्वांचा पहिला समज झाला.

तक्रार विभागप्रमुखांकडे गेली, संशय वरच्या वर्गातील मुलांवर आला, दोन्ही वर्गांत बोलाचाली झाली, आणि पुढील आदेशापर्यंत स्टुडिओ संध्याकाळी सातला बंद होईल अशी सूचना फलकावर लागली. मी याच विभागात शिकवतो. परंतु त्या वर्गाचा स्टुडिओ माझ्याकडे नसल्यामुळे चौकशीचे काम मला देण्यात आले. स्टुडिओतील अव्यवस्थेचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा मुलांच्या बेशिस्तीवर येऊन थांबतो. येथे टेबले एकेक करून तपासली तेव्हा बेशिस्तीचा वाटा अगदी थोडा निघाला, आणि ज्या कागदावर टेबले वाटून दिली होती त्या कागदातच बराचसा दोष सापडला, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडत आहे.

जागा आणि तिचे वाटप

बी.आर्क.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो आणि जवळजवळ प्रत्येक सत्रात डिझाइन स्टुडिओ हाच मुख्य विषय असतो. इतर विषयांचे वर्ग तासाला सुरू होतात आणि तासाला संपतात. स्टुडिओचे काम मात्र टेबलावर मांडलेले राहते, आठवडेच्या आठवडे. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला सत्राच्या आरंभी एक टेबल नेमून दिले जाते. आमची टेबले प्लायवुडवर सनमायका लावलेली आहेत. ५९४ × ८४१ मिलिमीटरचा ए-वन कागद पसरून बाजूला पट्ट्या, कटर आणि लॅपटॉप ठेवता येईल एवढी त्यांची लांबी-रुंदी आहे, आणि खाली एक खण आहे.

हा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे. उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा उजेड चित्रकामाला उत्तम, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि कागदावर पट्टीची सावली धारदार पडत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांतून मात्र जून ते सप्टेंबर सह्याद्रीकडून येणारा पाऊस तिरपा आत शिरतो, आणि जुलैमध्ये तर त्या बाजूची भिंत दिवसचे दिवस ओलसर असते. टेबले हजेरी क्रमांकानुसार वाटली गेली होती, म्हणजे कोणाला उत्तरेचा उजेड मिळाला आणि कोणाला पश्चिमेचा पाऊस मिळाला, हे आडनावाच्या आद्याक्षरावर ठरले होते.

वाटपाच्या कागदावर टेबलाचा क्रमांक आणि विद्यार्थ्याचे नाव एवढेच होते. टेबल ताब्यात घेताना ते कोणत्या अवस्थेत आहे, सत्र संपल्यावर ते कोणत्या अवस्थेत परत द्यायचे, दोन टेबलांमधली वाट कोणाची, खिडकीची कड कोणाची, प्लग कोणाचा, मागच्या सत्राची मॉडेले कोठे जायची, यांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. विद्यार्थी टेबलावर नसतो तेव्हा ते टेबल कोणाच्या जबाबदारीवर असते, हा प्रश्न तर कोणाला सुचलाही नव्हता.

आणि हा प्रश्न आमच्या भागात मोठा आहे. वर्गातील जवळजवळ निम्मी मुले वसतिगृहात किंवा टिळकवाडी, भाग्यनगर भागात पीजी म्हणून राहतात. उरलेली खानापूर, निपाणी, संकेश्वर या बाजूंनी आणि हद्दीपलीकडच्या चंदगडहूनही रोज ये-जा करतात. खानापूर पंचविसेक किलोमीटरवर आहे, निपाणी सत्तरच्या पुढे. ए-वनची गुंडाळी नळीत घालून बसमधून नेता येते, पण दोन फूट बाय तीन फुटांचे मॉडेल संध्याकाळच्या गर्दीत खानापूरच्या बसमध्ये चढवून पाहावे म्हणजे कळते. पीजीवर राहणाऱ्याला स्टुडिओतील टेबल ही दोन जागांपैकी एक जागा असते. बसने येणाऱ्याला ती एकमेव जागा असते, आणि नेमका तोच संध्याकाळी सहाच्या सुमारास ती उघडी टाकून निघून जातो, कारण बस थांबत नाही.

त्या रात्री काय झाले

विद्यार्थिनी खानापूरची. मॉडेल कापताना उडणारा माउंटबोर्डचा (जाड पुठ्ठ्याचा) भुसा बटर पेपरवर बसू नये आणि हवेतील ओल थेट लागू नये, म्हणून निघताना तिने ड्रॉइंगवर वर्तमानपत्र पसरले आणि चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवले. हे तिचे रोजचेच होते.

मध्यरात्रीच्या सुमारास तिच्याच वर्गातील एका मुलाला साइट मॉडेलसाठी माउंटबोर्डचा पाया कापायचा होता. त्याच्या स्वतःच्या टेबलावर मागच्या सत्राची दोन मॉडेले, सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या फळीच्या) उरलेल्या पट्ट्या, लॅपटॉप आणि चार्जर होते. बोर्ड आडवा ठेवायला हातभर जागा नव्हती. शेजारच्या रांगेत ट्यूबलाइटखाली एक टेबल मोकळे होते आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलेले होते. आमच्याकडे कापायच्या आधी टेबल खराब होऊ नये म्हणून मुले वर्तमानपत्रच पसरतात. त्याने त्यावर बोर्ड ठेवला, स्टीलची पट्टी दाबून धरली आणि कटर ओढला. जाड माउंटबोर्ड एका फटक्यात कापला जात नाही, दोन-तीन वेळा पाते फिरवावे लागते. शेवटच्या फटक्याला पाते बोर्ड, वर्तमानपत्र आणि बटर पेपर यांतून जाऊन सनमायकावर घासले. वर्तमानपत्र उचलण्याचे त्याला काहीच कारण नव्हते, म्हणून खाली काय आहे हे त्याला सकाळपर्यंत कळले नाही.

आळ वरच्या वर्गावर जातो आहे हे पाहून तो आपण होऊन माझ्याकडे आला. “पेपर अंथरलेलाच होता की सर. मला वाटलं, कापायलाच अंथरलाय,” एवढेच तो म्हणाला. तिने कागद वाचवण्यासाठी जे केले, त्याच खुणेचा अर्थ त्याने टेबल वाचवण्यासाठी असा घेतला. दोघेही आपापल्या परीने काळजीच घेत होते.

येथे चौकशी संपवता आली असती. परंतु आणखी किती टेबलांवर असे घडते हे पाहिल्याशिवाय रात्रीची बंदी योग्य की अयोग्य, हे सांगता येणार नव्हते.

टेबलांची पाहणी

सनमायकावरचे बारीक चर वरून पाहिले तर दिसत नाहीत. त्यासाठी एक साधी पद्धत वापरली. टेबलावर बटर पेपर ताणून चिकटवायचा आणि ६बी पेन्सिल आडवी धरून सगळीकडे हलक्या हाताने घासायची. जेथे चर असतो तेथे शिसे लागत नाही आणि काळ्या पृष्ठावर पांढरी रेघ उमटते. प्रत्येक टेबलाची अशी घासणी घेतली आणि सगळे कागद स्टुडिओतील टेबलांच्या रचनेप्रमाणे जमिनीवर मांडले.

चित्र स्पष्ट होते. वसतिगृहातल्या आणि पीजीवरच्या मुलांची टेबले जवळजवळ स्वच्छ होती. बसने येणाऱ्यांची टेबले, विशेषतः मागच्या बाजूची, प्लगजवळची आणि ट्यूबलाइटखालची, आडव्या-उभ्या रेघांनी भरलेली होती. काही ठिकाणी तर एकाच कोपऱ्यावर इतके काप होते की घासणी पांढरी पडली होती. पश्चिमेच्या खिडकीलगतची दोन टेबले लवकर घरी जाणाऱ्यांची असूनही कोरी निघाली; तेथे पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून रात्री कोणी माउंटबोर्ड घेऊन तिकडे जात नाही.

हे काप बेफिकीर मुलांचे असते तर ते सगळ्या टेबलांवर कमी-अधिक सारखे पसरलेले दिसले असते. येथे प्रत्येकाने स्वतःचे टेबल जपले होते. चर पडलेल्या टेबलावर बटर पेपर ठेवून रेघ ओढली की पेन्सिलीचे टोक चरात घसरते आणि रेघेला मध्येच कंगोरा येतो, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच कळते. म्हणूनच कापायचे काम आले की मुले आपल्या टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलाकडे जात होती, आणि रात्री मोकळे असलेले टेबल बसने गेलेल्याचे असे. वाटपाने प्रत्येक टेबलाला दिवसा एक धनी दिला होता. रात्री त्यातल्या निम्म्या टेबलांना कोणी वाली नव्हता, आणि स्टुडिओतील सर्वांत धारदार काम नेमके रात्रीच चालते.

चराचा परिणाम रेघेपुरता राहत नाही. सनमायका चिरली की पावसाळ्यात ओल खालच्या प्लायवुडमध्ये उतरते, कडा फुगतात, सनमायका उचलली जाते, आणि मग ती दुरुस्त करायला सुतारच बोलवावा लागतो. बसने येणाऱ्या एका मुलीच्या टेबलाची उजवी कड इतकी फुगली होती की टी-स्क्वेअर (टेबलाच्या कडेला लावून सरकवायची मोठी पट्टी) सरळ सरकत नव्हता. ती सत्रभर डावीकडून रेघा ओढत होती आणि तिने कधी तक्रार केली नव्हती. तिला वाटत होते की टेबल आधीपासूनच तसे होते. तसे असेलही, पण ते ठरवणार कशावरून, कारण टेबल देताना कोणी पाहिलेच नव्हते.

मॉडेलांचा ढीग हा दुसरा भाग. त्या मुलाच्या टेबलावर जागा का नव्हती, याचे उत्तर शोधताना असे दिसले की ज्यूरी झाल्यावर विभागाकडूनच “मॉडेल ठेवा, पाहणीला लागेल” असे सांगितले जाते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालील वास्तुकला परिषदेकडून महाविद्यालयांची पाहणी होते आणि त्यावेळी विद्यार्थ्यांचे काम दाखवावे लागते, हे खरे आहे. मात्र कोणाचे मॉडेल ठेवायचे, कोठे आणि किती दिवस, हे कोणी सांगत नव्हते. तेव्हा सगळ्यांचीच मॉडेले सगळ्याच टेबलांवर राहिली, नंतर टेबलांखाली गेली, नंतर वाटेत आली, आणि शेवटी हॉलच्या मागच्या दारासमोर त्यांचा थर लागला. माउंटबोर्ड, सनबोर्ड, कॉर्क आणि फेव्हिकॉल यांचा हा ढीग आग लागल्यास बाहेर पडण्याच्या दोन वाटांपैकी एका वाटेवर उभा होता. कापलेल्या ड्रॉइंगवरून सगळे विभाग हादरले होते, आणि या दाराकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, ही गोष्ट मला आजही फार गंभीर वाटते.

झाडलोट करणाऱ्या मावशींशी बोलल्यावर ढिगाचे आणखी एक कारण समजले. पूर्वी एकदा त्यांनी जमिनीवर पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे केरात भरले आणि ते कोणाचे तरी अभ्यास-मॉडेल निघाले. तेव्हापासून त्या स्टुडिओतली कोणतीही वस्तू हलवत नाहीत. “टाकायचं कुठलं नि ठेवायचं कुठलं, मला काय कळणार सर?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. केरात हात घातला की कटरच्या पात्याचे मोडलेले तुकडे लागतात, हेही त्यांनीच सांगितले, आणि बोटावरची जखम दाखवली.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. ६ अँपिअरच्या साध्या प्लगमधून २३० व्होल्टला फार तर १३८० वॅट घेता येतात. ६५ वॅटचे लॅपटॉप चार्जर त्यावर बरेच चालतात. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर चहासाठी १५०० वॅटची किटली लागली की एमसीबी, म्हणजे जास्त भार आल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो, आणि ज्यूरीच्या आदल्या रात्री अर्धा स्टुडिओ अंधारात जातो. किटली आणणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कोणता प्लग कशासाठी हे कोठेही लिहिलेले नव्हते.

सुचवलेले आणि केलेले उपाय

बैठकीत तीन सूचना आल्या. रात्रीची बंदी कायम ठेवावी, टेबलांच्या नुकसानीचा दंड सर्व वर्गाकडून वसूल करावा, आणि प्रत्येक टेबलाभोवती अर्ध्या उंचीचे पार्टिशन घालावे. सामूहिक दंडाला मी स्पष्ट विरोध केला, कारण घासणीनुसार ज्यांची टेबले खराब झाली तीच मुले स्वतः काप मारणारी नव्हती, आणि दंड त्यांच्याकडूनही घेतला गेला असता. पार्टिशनबद्दल काही सहकारी आग्रही होते. परंतु स्टुडिओत अर्धे शिक्षण शेजाऱ्याचे काम पाहून होते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली अहमदाबादेत सुरू केलेल्या वास्तुकला शाळेत स्टुडिओ एकमेकांना खुले ठेवले आहेत, जाता-येता दुसऱ्याचा कागद डोळ्यांखालून जातो. आपण भिंती घालून ते गमावण्यात अर्थ नव्हता. रात्रीची बंदी वसतिगृहातल्या मुलांना जाचक होती, आणि बसने येणाऱ्यांचा तिच्यात काही लाभ नव्हता, कारण त्यांना रात्र नको होती, सकाळ हवी होती. त्यामुळे स्टुडिओ रात्री दहाला बंद आणि सकाळी साडेसहाला उघडा, असा मधला मार्ग निघाला. पहिल्या बसने येणाऱ्यांना वर्ग सुरू होण्याआधी शांत दोन तास मिळू लागले. ज्यूरीच्या आठवड्यापुरती रात्रभर मुभा ठेवली.

खरे काम कापण्याच्या जागेचे होते. वर्ग सोडून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांची टेबले ढिगाखाली पडून होती. ती एकमेकांना जोडली, पायांखाली लाकडी ठोकळे घालून उंची कमरेपर्यंत आणली, कारण जाड बोर्ड उभे राहून कापला की हाताचा दाब सरळ येतो, आणि वर हार्डबोर्ड ठोकला. हा हार्डबोर्ड काप घेण्यासाठीच आहे. चाळण झाली की उलटा करायचा, दोन्ही बाजू संपल्या की बदलायचा. दोन मोठ्या कटिंग मॅट आणि स्टीलच्या पट्ट्या साखळीने तेथेच बांधल्या. शेजारी रंगाचा एक रिकामा डबा ठेवला, त्याच्या झाकणाला फट पाडली, आणि मोडलेले प्रत्येक पाते त्यातच जाईल असे ठरले. इतर कोणत्याही टेबलावर, स्वतःच्यासुद्धा, कटर चालवायचा नाही. हा नियम लादण्याआधी कापायला जागा दिली गेली, आणि तो पाळला जाण्याचे मुख्य कारण हेच असावे असे मला वाटते.

टेबलाचा ताबा देण्या-घेण्याची रीतही बदलली. आता सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थी आपल्या टेबलाची घासणी स्वतः घेतो, त्यावर क्रमांक आणि तारीख घालतो, शिक्षकाची सही घेतो आणि ती फाइलला लावतो. सत्राच्या अखेरीस दुसरी घासणी होते. दोन कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले की नवा चर कोणता आणि जुना कोणता, याबद्दल वाद राहत नाही.

वाटप हजेरी क्रमांकाने करणे थांबवले. बसने येणाऱ्यांना उत्तरेच्या खिडकीलगत एकत्र जागा दिली, म्हणजे संध्याकाळनंतर तो संपूर्ण भाग दिवे मालवून बंद ठेवता येतो. रात्री थांबणाऱ्यांना कापण्याच्या टेबलाजवळ बसवले. याबद्दल कुरकुर झाली, कारण उत्तरेची जागा सर्वांनाच हवी असते. पण उत्तरेचा उजेड दिवसा असतो, आणि दिवसाच काम करणाऱ्याला तो मिळणे न्याय्य आहे, हे पटल्यावर विरोध मावळला. पश्चिमेची टेबले भिंतीपासून दोन फूट आत ओढली. त्या पट्ट्यात आणि खिडकीच्या कडेवर काहीही ठेवायचे नाही, आणि रात्री शेवटी जाणाऱ्याने खिडक्या लावून वहीत सही करायची, असे ठरले.

मॉडेलांसाठी मुदत घातली. ज्यूरीनंतर दोन आठवड्यांत प्रत्येक मॉडेलाचे डोळ्यांच्या पातळीवरून आणि वरून फोटो काढले जातात. त्यानंतर विभाग निवडतो ती मॉडेले विभागाच्या कपाटात जातात, विद्यार्थ्याला हवी ती तो घरी नेतो, आणि उरलेली सोडवून त्यांतले वापरण्याजोगे तुकडे एका सामायिक फळीवर ठेवले जातात. पुढच्या वर्षाची मुले पहिल्या अभ्यास-मॉडेलांसाठी ते तुकडे नेतात, त्यामुळे त्यांचा खर्चही वाचतो. पिवळ्या क्रेटमध्ये जे असेल ते फेकायचे आणि त्याबाहेरचे काहीही उचलायचे नाही, एवढा एकच नियम मावशींसाठी ठेवला. सगळ्या सूचना कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावल्या, कारण स्टुडिओ फक्त विद्यार्थी वापरत नाहीत.

विद्यार्थिनीने तो छेद नव्या बटर पेपरवर स्वतःच पुन्हा काढला. फाटलेला कागद पाठीमागून टेप लावून जोडल्यामुळे मापे शाबूत होती, आणि तिला ज्यूरीसाठी जादा वेळ देण्यात आला. त्या मुलाने भरपाई म्हणून काय करावे हे तिलाच विचारले, तेव्हा तिने आपल्या मॉडेलाचा पाया त्याच्याकडून कापून घेतला, अर्थात नव्या टेबलावर.

पुढच्या सत्राच्या अखेरच्या घासणीत नवे चर थोडे होते, आणि त्यातले बहुतेक कापण्याच्या टेबलाला अगदी लागून असलेल्या एका टेबलावर होते. ज्यूरीच्या आठवड्यात रांग लागते आणि रांगेतला माणूस जवळचे टेबल पकडतो, हे त्यावरून कळले. तेव्हा त्या टेबलालाही हार्डबोर्ड ठोकून त्याचे दुसरे कापण्याचे टेबल केले, आणि तिथल्या विद्यार्थ्याला दुसरी जागा दिली.

स्प्रे ग्लूचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यातले द्रावक पेट घेणारे असतात आणि वास बंद हॉलमध्ये कोंडून राहतो, म्हणून मुले तो व्हरांड्यात मारतात. तेथे फरशीवर कागदांच्या कडांचे चौकोन उमटले आहेत, चिकट कडेवर धूळ बसून ते काळे पडले आहेत, आणि कोणत्याही पुसण्याने ते जात नाहीत. एक्झॉस्ट पंखा असलेल्या छोट्या खोलीचा प्रस्ताव कार्यालयाकडे पाठवला आहे. तोपर्यंत उघडीप असेल तेव्हा गच्चीवर खाली पुठ्ठा टाकून स्प्रे मारायचा, आणि पाऊस असेल तेव्हा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरायची, असे ठरले आहे.